अंजिरी झबलं

नेरूळ,
२० फेब्रुवारी १९९४

चि. गीता,

आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र वाच.

तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले. नेरूळहून जासई ती काय लांब, उरण फाट्यावर एसटी धरली की तासाभराचा रस्ता. तरी पोचल्याचा निरोप नाही. प्रसादरावांनी त्यांच्या कंटेनर यार्डातून एक फोन आमच्या खालच्या किराणावाल्याकडे करायला काय हरकत होती? मी चारदा खाली जाऊन विचारून आले. आता तो मला बघितलं की लांबूनच नकारार्थी मान हलवतो.

बाळ गेलं, त्यावर मी काय लिहू? एकोणीस दिवस मीच त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. पाणी अंगावर पडलं की ते मुठी सोडायचं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुझी आधीची दोन गेली तेव्हा आई होती, तिने तुला सावरलं. या खेपेला आईच्या जागी मी होते. मला सावरता आलं नाही, हे कबूल.

पण तू ज्यासाठी गेलीस ते मला कबूल नाही. दोन बाळं गेलेल्या बाईच्या तिसऱ्याला जगत्या मुलाच्या अंगावरचं झबलं पहिलं घालायचं, म्हणजे तेही जगतं, ही रीत मला ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? तू मार्गशीर्षात माझ्याकडे माझ्या वरदचं झबलं मागितलंस. आईने स्वतःच्या अंजिरी पातळाचं शिवलेलं. मी ट्रंकेतून काढून तुझ्या हातात दिलं. बाळ जन्मल्यावर पहिलं तेच घातलं. पुढेही तू रात्री धुऊन सकाळी पुन्हा तेच घालायचीस. मग बाळ गेल्यावर दूध आटवायला छातीला बांधायचं मऊ फडकं हवं म्हणून तू माझी ट्रंक उघडलीस आणि तुला तळाशी दुसरं अंजिरी झबलं सापडलं. त्यात एवढं काय झालं? तेव्हा सांगितलं तेच आता सांगते. आईने त्या पातळाची दोन झबली शिवली होती. एक तुला दिलं, एक राहिलं.

तू हातातलं बाळाचं झबलं भिरकावलंस, एकच वाक्य बोललीस आणि पिशवी भरायला घेतलीस. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. प्रसादराव रिक्षा घेऊन आले तर तू चहासुद्धा घेतला नाहीस. मी कप हातात धरून दारात उभी, आणि समोरच्या राहीबाई मजा बघतायत.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की बाळाच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. तू बी.एस्सी. झालेली मुलगी. झबल्याने भोक पडतं का आणि झबल्याने बुजतं का, तूच सांग.

तुझ्या राहिलेल्या वस्तू धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवल्या आहेत. दोन गाऊन, शाल, डोक्याला बांधायचे रुमाल, दुपटी. तू भिरकावलंस ते झबलंही त्यातच आहे. माझा स्वभाव तुला माहीत आहे, डागाचा कपडा मला घरात तसा ठेवता येत नाही. येऊन घेऊन जा. नाही तर मी घेऊन येईन.

या महिन्यात माझ्याकडे तीन बाळंतविड्यांच्या ऑर्डरी आहेत. टोपडी झाली, कुंच्या झाल्या. झबली कापायला घेतली की पाय मशीनवर चालत नाही.

तुझी
ताई

---

नेरूळ,
१७ एप्रिल १९९४

गीता,

मी जासईला येऊन गेले, हे तुला प्रसादरावांनी सांगितलं असेलच. तुझ्या खोलीपर्यंत यायचं धाडस झालं नाही, म्हणून यार्डाच्या गेटवर जाऊन त्यांना बोलावलं. कंटेनरचे ट्रक एकामागून एक आत जात होते आणि मी पदराने नाक झाकून, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन कडेला उभी. वॉचमनला वाटलं कुणाची तरी बायको भांडायला आली आहे. त्याने मला स्टूल आणून दिलं.

प्रसादराव आले. बिचारे काय बोलणार. "ताई, ती नको म्हणतेय. उगाच टेन्शन घेऊ नका, डबा देऊन जा, मी देईन तिला." मी म्हटलं, काय म्हणाली ते तरी सांगा. तर म्हणाले, "काहीच नाही म्हणाली. तुमचं पत्र मात्र तिने वाचलं. आणि हसली."

तू कशाला हसलीस ते मला एसटीत बसल्यावर कळलं. खरं म्हणजे आधीच माहीत होतं.

आईने एकच झबलं शिवलं होतं.

दुसरं मी शिवलं. ट्रंकेच्या तळाशी होतं ते वरदचं, आईच्या हातचं. तुला दिलं ते माझं.

आई डावखुरी होती, हे मी कसं विसरले, याचं मला आजही नवल वाटतं. जन्मभर तिच्यासमोर बसून शिवण शिकले. तिचे तुरपाईचे टाके एका बाजूला कलायचे, माझे दुसऱ्या. बाकी सगळं मी जुळवलं होतं. बंद तितकेच लांब, गळा तेवढाच, काखेतला ठिगळाचा तुकडासुद्धा. टाक्यांचा कल तेवढा राहिला. आणि कपडाही नेमका झबलं. बाळाला टोचू नये म्हणून त्याची शिवण आपण बाहेरच्या अंगाला ठेवतो. आई म्हणायची, मऊ बाजू लेकराला, खरबरीत बाजू लोकांना. दुसरं काही असतं तर शिवण आत राहिली असती आणि तुला दिसली नसती. तू दोन्ही झबली खिडकीशी धरलीस, अंगठा शिवणीवरून फिरवलास, आणि मी 'दोन होती' म्हणत राहिले.

तेव्हाही तू मला खोटं पाडलं नाहीस. नुसतं एक वाक्य बोललीस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मी असं का केलं, ते आज लिहीत नाही. लिहायला घेतलं तर मी पुन्हा स्वतःची बाजू मांडत बसेन, मला माहीत आहे. लाडू खाल्लेस का, एवढं कळव. गूळ कमी घातला होता.

ताई

---

नेरूळ,
१२ जानेवारी १९९५

गीता,

आज बाळ एक वर्षाचं झालं असतं. आम्ही घरात कुणी हे बोललो नाही. यांनी ऑफिसला जाताना देवापुढे एक फूल जास्त ठेवलं, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

वर्षभरात मी तुला पाच पत्रं लिहिली. तीन फाडली. जी पाठवली त्यांना उत्तर नाही. हे सहावं. यात सगळं लिहिते.

तू झबलं मागितलंस त्याच्या आधीची दिवाळी आठव. वरद साडेचार वर्षांचा होता. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ घातली आणि दुपारी ताप चढला. संध्याकाळी त्याचे डोळे फिरले, दातखीळ बसली. हे दवाखान्यात घेऊन धावले आणि मी मागून एका पायात चप्पल नसलेली. डॉक्टर म्हणाले, तापाचा झटका आहे, मुलांना येतो, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणणं सोपं असतं. लग्नानंतर आठ नऊ वर्षांनी झालेलं एकुलतं एक पोर.

महिन्याभराने तू आलीस. आठवा सरत आलेला, पाय सुजलेले, आणि तरी चेहऱ्यावर असं काही होतं की मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. जेवताना तू सहज म्हणालीस, "ताई, वरदचं ते आईच्या पातळाचं झबलं आहे ना गं? ते मला दे. माझ्या बाळाला पहिलं तेच घालू." मी लगेच हो म्हटलं. मनापासून म्हटलं, त्यावर विश्वास ठेव.

दुसऱ्या दिवशी समोरच्या राहीबाई कॉलर उलटून घ्यायला आल्या. मीच त्यांना कौतुकाने सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "वैनी, देऊ नका. आमच्या साताऱ्याकडं पहिल्या लेकराचं पहिलं झबलं कुणालाच देत न्हाईत. त्याच्या आयुष्यातलं वाटून जातं. त्यात तुमच्या बहिणीची दोन गेलेली." मग हळूच, "पोराला आत्ताच झटका येऊन गेलाय, इचार करा."

त्याच आठवड्यात सारसोळ्याच्या मुक्ताबाई मासळी घेऊन आल्या. मी त्यांनाही विचारलं. त्या पाटी खाली ठेवून हसायला लागल्या. "काय बाय तुजा! माज्या नातवाचा झबला सात घरान फिरून आलाय. नातू हाय ना धडधाकट? मासली मारतोय. उलट ज्याचा कपरा फिरतो त्याला सात आयांचा आशीर्वाद लागतो."

दोघींनी दोन गोष्टी सांगितल्या. मी माझ्या भीतीला सोयीची होती ती ऐकली. राहीबाईंना दोष देत नाही. त्यांनी सांगितलं नसतं तर मी दुसऱ्या कुणाकडून तेच ऐकून घेतलं असतं.

तुला नाही म्हणायची हिंमत नव्हती. मग मी माझ्या हातातल्या कलेकडे वळले. त्या पातळाचा पदराकडचा तुकडा गाठोड्यात होता, न वापरलेला, गडद. त्यातून मी झबलं कापलं. तू आतल्या खोलीत झोपलेली असायचीस आणि मी गॅलरीत बसून हाताने शिवायची, मशीनचा आवाज नको म्हणून. झाल्यावर धुण्याच्या सोड्यात उकळलं. धोपटण्याने बडवलं. गच्चीवर नऊ दिवस उन्हात टाकलं, रोज उलटसुलट करून. कापड विटलं, मऊ झालं. मग एरंडेलाचा हात फिरवला, ओवा आणि वेखंडाची धुरी दिली, बाळाच्या अंगाचा वास यावा म्हणून. वरदच्या झबल्यावर गळ्याशी काजळाचा एक ठिपका होता, आईने तीट लावताना पडलेला. तोही मी तसाच लावला आणि कोमट इस्त्रीने मुरवला. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून काही शिवलं नसेल. लाज वाटते लिहायला, पण ते पूर्ण झालं तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

आणि अजून एक. पोटातल्या बाळासाठी आधी सुई हातात धरू नये, ही रीत मी ऑर्डर द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. "बाळंतीण होऊ दे, मग या, मी दोन दिवसांत देते." माझ्या सख्ख्या बहिणीचं बाळ पोटात असताना मी तीच मोडली. एक रीत पाळायची नव्हती म्हणून दुसरी मोडली. डॉक्टर म्हणतात हृदयाला भोक होतं. मी ते मानते. दिवसा मानते.

तू मात्र झबलं हातात घेतलंस, नाकाशी धरलंस आणि म्हणालीस, "वरदचाच वास येतो अजून."

तेव्हा सांगायला हवं होतं. तू ट्रंक उघडेपर्यंत माझ्याकडे महिन्याहून जास्त वेळ होता.

ताई

---

नेरूळ,
२४ नोव्हेंबर १९९६

गीता,

हे पत्र छोटं आहे.

मुक्ताबाईंच्या धाकट्या सुनेला मुलगी झाली. त्या कालच्या फेरीला आल्या आणि म्हणाल्या, "नातीला झबली शिवून दे. सगल्यांना सांगते मी, नेरूलची जयमाला शिवते तसा कोन शिवत नाय." मी म्हटलं, मी झबली सोडून सगळं शिवते. फ्रॉक शिवते, साडीला फॉल लावते. तीन वर्षं त्यांना मी वेगवेगळी कारणं देत होते. या खेपेला सगळं सांगितलं. सुरमईवर माश्या बसत होत्या आणि त्या ऐकत होत्या.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "झबल्यान कोन मरत नाय, कोन जगत नाय. पन तू तुज्या भैनीला डाकीन समजलीस. त्याचा काय करशील?"

तेव्हा मला तुझं ते वाक्य कागदावर लिहायचं धैर्य आलं, म्हणून हे पत्र. तू खिडकीशी दोन्ही झबली धरून उभी होतीस. छातीला ओलं फडकं बांधलेलं. मला वाटलं, आता म्हणेल की तुझ्यामुळे माझं बाळ गेलं. मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. डॉक्टर, भोक, सगळं. तू ते म्हणालीच नाहीस. तू म्हणालीस, "ताई, तू मला घाबरलीस?"

हो. घाबरले. माझ्या पाठीवर खेळलेल्या, माझ्या हातून वेणी घालून घेतलेल्या मुलीला मी घाबरले. तुझी सावली माझ्या पोरावर पडेल असं मला वाटलं. तू माझ्या घरात बाळंतपणाला आलीस, आणि मी दोन महिने तुला वरदला भरवू दिलं नाही. कधी तो झोपलाय म्हटलं, कधी त्याला सर्दी आहे म्हटलं. तेव्हा तुला ते कळलं नसेल. ट्रंक उघडल्यावर कळलं असेल.

पहिल्या पत्रात मी झबल्याने काय होतं असं विचारलं होतं. तो प्रश्न मी मागे घेते.

मुक्ताबाईंच्या नातीसाठी झबली कापायला घेतली आहेत. तू रागावणार नाहीस असं गृहीत धरून.

एकदा ये. मी उंबऱ्यात उभी राहणार नाही, बोलणार नाही, हवं तर घरात नसेन. वरद तुला विचारतो.

ताई

---

नेरूळ,
२९ ऑक्टोबर १९९८

प्रिय गीता,

तुझं कार्ड आलं. पावणेपाच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. ग चा काना तू अजून तसाच लांब ओढतेस. पोस्टमन म्हणाला, सही नको, साधं कार्ड आहे. मी त्याला थांबवून चिवड्याची पुडी दिली.

दहा वेळा वाचलं. पाठ झालं आहे. "सौ. ताईस, प्रसादची बदली कांडल्याला झाली. १५ नोव्हेंबरला निघतो. माझ्या बाळाच्या अंगावरचं झबलं तुझ्याकडे राहिलं आहे. शेवटच्या दिवशी त्याने दूध काढलं होतं, ते गळ्याशी ओघळलं होतं. त्याची दुसरी काही वस्तू माझ्याकडे नाही. जसं असेल तसं पाठव. धुऊ नकोस. गीता."

मला वाटत होतं, तुला त्या झबल्याचं नावही नको असेल. खोटं म्हणून तू ते भिरकावलं होतंस. ते त्याच्या अंगावरचं होतं, एवढंच तुझ्या लेखी उरलं आहे, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

झबलं माझ्याकडे आहे. तसंच ठेवलंय. आठ दिवसांत रजिस्टर पार्सलने पाठवते. काळजी करू नकोस.

कांडल्याला थंडी कशी असते कुणास ठाऊक. स्वेटर बरोबर घे.

तुझी ताई

---

नेरूळ,
५ नोव्हेंबर १९९८

गीता,

मागच्या पत्रात 'तसंच ठेवलंय' असं लिहिलं. ते खोटं आहे.

तू गेलीस त्याच दुपारी मी ते धुतलं. दुपारीसुद्धा नाही. तू जिना उतरत होतीस आणि इकडे माझी बादली भरत होती. मला काहीतरी करायला हवं होतं आणि मला दुसरं काही येत नाही. तुझे गाऊन, दुपटी, रुमाल सगळं भिजवलं. झबल्याच्या गळ्याशी पिवळट डाग दिसला. दुधाचा आहे हे मला कळलं होतं. लिंबू चोळलं, साबण लावला, पुन्हा लिंबू चोळलं. निघाला तेव्हा बरं वाटलं. तुला पहिल्याच पत्रात मी ते कळवलंही होतं, सगळं धुऊन ठेवलंय म्हणून, जणू उपकार केले. तू ते पत्र वाचून हसली होतीस म्हणे. त्यातलं धुतल्याचं वाक्य बहुतेक तू वाचून विसरलीस. किंवा विसरली नाहीस, आणि तरी आशेने कार्ड टाकलंस. यातलं कोणतं खरं असेल याचा विचार मी आठ दिवस करते आहे.

आता यापुढचं लिहायला हात तयार होत नाही, पण लिहिते.

परवा हे आणि वरद बाहेर गेले होते. मी ट्रंक उघडली. झबलं काढून ओट्यावर पसरलं. मग निखाऱ्यावर ओवा आणि वेखंड टाकलं. वाटीत दूध घेतलं, कोमट केलं, त्यात दोन थेंब लिंबू पिळलं, कारण बाळाने काढलेलं दूध फाटलेलं असतं. तुला कळलं असेल मी काय करणार होते. एकदा जमलं होतं ते पुन्हा जमलं असतं. पाच वर्षांचा डाग दोन दिवसांच्या उन्हात होतो. टाक्यांसारखी चूक यात व्हायचं काही कारण नव्हतं. तू ते छातीशी धरलं असतंस, कांडल्याला नेलं असतंस, आणि मला बहुधा माफही केलं असतंस.

चमचा भरून घेतला आणि गळ्यापाशी नेला. आणि डाग डाव्या अंगाला होता की उजव्या, ते मला आठवेना.

वरदच्या झबल्यावरचा एकेक डाग मला पाठ होता. डोळे मिटून मी तो काजळाचा ठिपका त्याच जागी लावला होता. तुझ्या बाळाचा डाग मी माझ्या अंगठ्याने चोळला, पाचदहा मिनिटं चोळला, आणि तो कुठल्या अंगाला होता हे मी बघितलं नव्हतं. निघाला की नाही एवढंच बघितलं. तुला आठवत असणार. तू त्याला कुठल्या हातावर घेतलं होतंस, मान कुठे होती, सगळं आठवत असणार.

दूध ओतून दिलं. निखाऱ्यावर पाणी मारलं. खूप रडले, गीते. बाळ गेलं तेव्हा मी रडले होते, पण त्यात थोडी भीतीही होती, आता वरदचं काय म्हणून. परवा रडले ती फक्त तुझ्या बाळासाठी. त्याला उशीर झाला.

वरदचं झबलं यात घातलेलं नाही. तू मागितलंस तेव्हा दिलं नाही, आता न मागता पाठवून मोठेपणा घेण्यासारखं काही राहिलेलं नाही. ते ट्रंकेत आहे. मुक्ताबाईंच्या नातीच्या पाठीवर नातू झाला, तेव्हा त्यांनी मागितलं आणि मी दिलं होतं. सारसोळ्यात तीन घरांत फिरून परत आलं. वरद नऊ वर्षांचा आहे, ठणठणीत आहे. एवढंसं होतं ते सगळं.

पार्सलमध्ये एकच झबलं आहे, तुझ्या बाळाच्या अंगावरचं. घडी मोडून बघ. वास येणार नाही, मी नंतर परत धुरी दिलेली नाही. दुधाचा डाग शोधू नकोस. गळ्याशी काजळाचा एक ठिपका दिसेल. तो बाळाचा समजून बोट फिरवशील म्हणून आधीच सांगते. तो मी लावलेला आहे. तेवढा धुऊन निघाला नाही.

ताई